एटिमऑनलाइन रिव्ह्यू : झेनी, रेकलेस, मॅडकॅप, मोरॉन हे शब्द शिकायचे तर इथे शिका

सरळ सांगते. इंग्रजी शब्दांसाठी गाईडं, फ्लॅशकार्डं, पैसे भरून घेतलेली ॲप्स असं सगळं वापरून झालंय आणि त्यातलं टिकलं ते एकच, ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे सगळे ज्याला एटिमऑनलाइन म्हणतात ती साइट. वाचायला फुकट, मोबाईलवर नीट उघडते, नुसता शब्द बघायला लॉगिन वगैरे करावं लागत नाही. पण रिव्ह्यू लिहायला बसले त्याचं कारण शब्दांचा एक ठराविक गठ्ठा आहे. मी नाशिकरोडला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि दर बॅचला हा गठ्ठा मुलांना छळतो. वेडपट, उतावळे, बेफिकीर, चक्रम, बावळट माणसं आणि त्यांचे उद्योग यांच्यासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत ना, रेकलेस, रॅश, फूलहार्डी, डेअरडेव्हिल, मॅडकॅप, झेनी, हेअरब्रेन्ड, सिली, डाफ्ट, क्रेझी, इडियट, मोरॉन, ते सगळे बाजारातल्या गाईडमध्ये एका ओळीत कोंबलेले असतात आणि समोर एकच अर्थ, 'मूर्ख, अविचारी'. झालं. मग मुलं निबंधात दोघांना उडवून पळालेल्या ड्रायव्हरला झेनी म्हणतात आणि वरातीत बुलेटच्या सीटवर उभं राहून नाचणाऱ्या मामाला इडियट. पहिल्या वाक्यात मेलेल्या माणसांची चेष्टा होते आणि दुसऱ्यात मामाचा विनाकारण अपमान.

एका ओळीत अर्थ पाठ करून हे सुटत नाही. शब्द कुठून आला, आधी कोणाला म्हणायचे, कधी घसरला, हे कळलं की कुठे वापरायचा ते आपोआप कळतं, आणि मग परत पाठ करावं लागत नाही. या साइटवर नेमकं तेच मिळतं, आणि वेडेपणाच्या शब्दांसाठी तर ती कमालच आहे.

आधी साइटबद्दल थोडं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावचे डग्लस हार्पर म्हणून आहेत, पेशाने पत्रकार, स्थानिक इतिहासावर लिहिणारे, त्यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ही साइट उभी केली आणि बराच काळ जवळजवळ एकट्याने वाढवत नेली. विद्यापीठाचा मोठा प्रकल्प नाही, संपादक मंडळ नाही, एका माणसाचा ध्यास. साइटवर स्वच्छ लिहिलंय की इथे व्याख्या मिळणार नाहीत, सहाशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वी त्या शब्दाचा अर्थ काय होता ते मिळेल. शब्दापुढे जी तारीख असते ती शब्द जन्मल्याची नसते, लिखाणात तो सगळ्यात आधी सापडतो ती असते, बोलण्यात त्याच्या आधीपासून असणारच. आणि एखाद्या रूपाच्या आधी फुलीसारखी चांदणी दिसली तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी मागे मागे जात अंदाजाने बांधलंय. एवढं माहीत असलं की वाचायला काही अडचण येत नाही.

आता झेनी उघडा. माझा सगळ्यात आवडता. इंग्रजीत १५८० च्या दशकात आला, फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, आणि इटालियनमध्ये तो मुळात एका माणसाचं नाव आहे! जोव्हान्नी म्हणजे जॉन, त्याचं लाडाचं जान्नी, आणि व्हेनिसच्या बोलीत त्याचं झालं झान्नी. आपल्याकडे गणपतचं गण्या होतं तसं. तर तिकडे कॉमेडिया देल आर्ते नावाचा नाटकाचा प्रकार होता, मुखवटे घालून, ठरलेली पात्रं, संवाद बरेचसे जागच्या जागी रचलेले, आणि त्यात झान्नी म्हणजे गावाकडून शहरात आलेला नोकर. बहुतेक वेळा बेर्गामोच्या डोंगराळ भागातला, पोट भरायला व्हेनिसला आलेला, सदा भुकेला, अंगात ढगळ पांढरे कपडे, लांब नाकाचा मुखवटा. मालकाच्या किंवा मुख्य नटाच्या मागे उभं राहून त्याच्या नकला करायच्या आणि लोकांना हसवायचं हे त्याचं काम. ज्यांनी तमाशातला सोंगाड्या बघितलाय त्यांना हा माणूस लगेच डोळ्यासमोर येईल. पुढे याच झान्नींमधून आर्लेकिनो निघाला, ज्याला इंग्रजीत हार्लेक्विन म्हणतात. शेक्सपिअरच्या ट्वेल्फ्थ नाइटमध्येसुद्धा झेनी आहे, विदूषकांच्या मागे मागे करणारा अशा अर्थाने. 

हे एकदा वाचलेल्या मुलाने झेनी ड्रायव्हर लिहिलेला मी अजून बघितलेला नाही. कारण डोक्यात तो सोंगाड्या बसतो, आणि झेनी म्हणजे हसवणारा, नकला करणारा, चक्रमपणात मजा असलेला, कोणाला इजा न करणारा, हे सांगावं लागत नाही. 

दुसऱ्या टोकाला रेकलेस. रेक म्हणजे जुन्या इंग्रजीत पर्वा करणं, काळजी घेणं, आणि पुढे लेस. ज्याला पर्वा नाही तो. शब्द हजार वर्षांपेक्षा जुना आहे आणि अर्थ जवळपास तसाच राहिलाय. अर्धी मुलं याच्या स्पेलिंगला सुरुवातीला डब्ल्यू लावतात, कारण त्यांना वाटतं अपघातात चक्काचूर होतो तोच हा रेक. साइट बघितली की लक्षात येतं की दोघांचा संबंध नाही आणि डब्ल्यू लावला तर उलट 'अपघात न करणारा' असा अर्थ निघेल. एका पानात स्पेलिंग पण पक्कं, अर्थ पण पक्का. 

रॅश आपल्या पेपरमध्ये रोज असतो, रॅश ड्रायव्हिंगचा गुन्हा दाखल, पूर्वी आयपीसी २७९, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. हा शब्द मुळात वाईट नव्हताच. चौदाव्या शतकाच्या शेवटी रॅश म्हणजे चपळ, तडफदार, आणि जर्मनमध्ये राश म्हणजे आजही जलद. म्हणून रॅशमध्ये घाई आहे. रेकलेस माणूस शांतपणे, हळूहळू, पूर्ण शुद्धीत पण बेपर्वा असू शकतो, रॅश माणूस विचार करायच्या आत करून मोकळा झालेला असतो. आणि अंगावर उठतो तो रॅश वेगळा, तो बहुधा फ्रेंचमधून नंतर आलेला, याचा त्याचा संबंध नाही. फूलहार्डी जुन्या फ्रेंचमधल्या फोल आणि आर्दी यांची जोडी, मूर्ख अधिक धाडसी, म्हणजे धाडस खरं आहे पण जागा चुकली. भरलेल्या नदीच्या पुलावरून गाडी घालणारा फूलहार्डी. नाशिकला पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या आसपास जे सेल्फी काढायला उतरतात ते फूलहार्डी. (तिथे पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय यावर अख्खं गाव पूर मोजतं, तरी हे उतरतात. मनापासून विनंती, नका उतरू.)

डेअरडेव्हिल मात्र वेगळा, अठराव्या शतकाच्या शेवटी आलेला, सैतानालाच आव्हान देणारा. यात कौतुक आहे. जत्रेत मौत का कुआँमध्ये लाकडी भिंतीवर मोटरसायकल फिरवणारी मुलं मुली डेअरडेव्हिल, त्यांना रेकलेस म्हणणं चूक, कारण त्यांना एकेका इंचाची पर्वा असते, पर्वा नसेल तर खाली पडतील. वर्गात एवढं उदाहरण दिलं की पुरतं.

मॅडकॅप पटकन सांगते, इथे कॅप म्हणजे टोपी नाही, डोकं. हेअरब्रेन्डमधला हेअर ससा आहे, केस नाहीत, स्पेलिंग त्याप्रमाणे, शब्द १५४० च्या दशकातला. क्रेझीचं मूळ मात्र थांबून बघण्यासारखं आहे. क्रेझ म्हणजे फोडणं, तडा जाणं. क्रेझी म्हणजे आधी आजारी, मोडकळीला आलेलं, भेगा पडलेलं, आणि मग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोक्याबद्दल. चिनी मातीच्या कपाच्या चकाकीवर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात त्याला कुंभारकामात आजही क्रेझिंगच म्हणतात. 

या साइटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो चांगल्या घरातून घसरलेल्या शब्दांवर. सिली घ्या. जुन्या इंग्रजीत गेसेलिग म्हणजे सुखी, भाग्यवान, देवाचा आशीर्वाद असलेला. मग पुण्यवान, मग निष्पाप, मग निष्पाप आहे म्हणून बिचारा, बिचारा म्हणून दुबळा, आणि १५७० च्या दशकापर्यंत येता येता मूर्ख. प्रत्येक पायरी इतकी लहान आहे की घसरताना कोणाला कळलंच नसेल. डाफ्ट म्हणजे आधी सौम्य, नीट वागणारा, आणि आता वेडपट. उलटा प्रवास नाइसचा, लॅटिन नेस्कियुस म्हणजे अडाणी, ज्याला माहीत नाही तो, तेराव्या शतकात इंग्रजीत नाइस म्हणजे मूर्ख, आणि आज आपण सून बघून आल्यावर मुलगी नाइस आहे म्हणतो. गिडी म्हणजे अंगात देव आलेला, शब्दशः, गॉडशी नातं असलेला, आणि आता चक्कर येण्याला म्हणतात. अंगात येणं ज्यांनी जत्रेत जवळून बघितलंय त्यांना घुमण्यापासून चक्करपर्यंतचा हा रस्ता समजावून सांगायला नको.

फूल हा सगळ्यांचा बाप. लॅटिन फोल्लिस म्हणजे लोहाराचा भाता, चामड्याची हवा भरलेली पिशवी. आत नुसती हवा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आणि डन्समागे एक खराखुरा विद्वान आहे, जॉन डन्स स्कॉटस, १३०८ ला वारला, त्याच्या काळातला अतिशय सूक्ष्म बुद्धीचा तत्त्वज्ञ. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या लोकांनी त्याच्या जुन्या वळणाच्या अनुयायांना हिणवायला सुरुवात केली आणि त्या माणसाचं नाव ढ पोरांना चिकटलं. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं. 

आता ज्यासाठी ही साइट प्रत्येक शिक्षकाने उघडायलाच हवी तो भाग. इडियट आणि मोरॉन. इडियट ग्रीक इडिओटेस वरून, म्हणजे खाजगी माणूस, गावच्या कारभारात नसलेला, मग कसब नसलेला, मग अडाणी. इथपर्यंत ठीक. पण मोरॉन हा रस्त्यावर तयार झालेला शब्दच नाही, तो ठरवून बनवलेला आहे. १९१० मध्ये हेन्री गॉडर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ग्रीक मोरोस, म्हणजे मंद, वरून तो काढला, आणि तो अधिकृत वर्गवारीचा शब्द होता. बौद्धिक चाचणीत प्रौढ माणसाचं 'मानसिक वय' आठ ते बारा आलं तर मोरॉन, त्याखाली इम्बेसाइल, त्याखाली इडियट. हे शिक्के बसलेल्या माणसांना संस्थांमध्ये डांबलं गेलं, अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांनी त्यांची सक्तीने नसबंदी केली, आणि १९२७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बक विरुद्ध बेल खटल्यात व्हर्जिनियाचा तसा कायदा वैध ठरवला. निकालात न्यायमूर्ती होम्स यांनी इम्बेसाइलच्या तीन पिढ्या पुरे झाल्या असं लिहिलं. शिवी म्हणून नाही लिहिलं, कोर्टाच्या भाषेत लिहिलं. आणि फार लांब बघायला नको, आपल्याकडे १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट होता, त्यात ल्युनॅटिक म्हणजे इडियट किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती अशी व्याख्या होती, आणि १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट येईपर्यंत कायद्याची भाषा तीच. ल्युनॅटिक लॅटिन लुना वरून, चंद्राच्या कलांप्रमाणे वेड येतं या समजुतीतून, अमावस्या जवळ आली की आपल्याकडेही म्हातारी माणसं तसंच बोलतात.

कायद्यांचा हा सगळा इतिहास साइटवर नाही, तिथे मोरॉनखाली गॉडर्ड, १९१० आणि तांत्रिक शब्द एवढंच येतं, पण तेवढा धागा हातात आला की पुढचं शोधता येतं. म्हणून मी मुलांना स्पष्ट सांगते, वर्तनाबद्दल बोलायचं असेल तर रेकलेस, रॅश, फूलहार्डी वापरा, मजेसाठी झेनी, मॅडकॅप, वॅकी वापरा, पण मोरॉन आणि इडियट माणसाला लावू नका, पेपरात तर नाहीच. ज्यांच्या घरात गतिमंद मूल आहे त्यांना विचारा हे शब्द कसे लागतात. जाता जाता, मोरोसचं नातं अभ्यासक बहुधा संस्कृत मूर शी जोडतात, वेदांत येतो तो मूर, मूढ या अर्थाचा. आणि ऑक्सिमोरॉनच्या, म्हणजे परस्परविरोधी शब्दांच्या जोडीला जे म्हणतात त्या शब्दाच्या, पोटात हाच मोरॉन आहे, तीक्ष्ण अधिक मंद. हे सांगितल्यावर व्याकरणाचा तास कधीच संपला तरी मुलं उठत नाहीत.

नाशिकची आहे म्हणून एक शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, डूलॅली. ब्रिटिश बोलीत डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात आणि तो शब्द आमच्या देवळालीचा आहे! देवळाली कॅम्पला १८६१ पासून ब्रिटिश सैनिकांची छावणी होती, मुदत संपलेले शिपाई इंग्लंडला परत जायच्या जहाजाची वाट बघत इथे राहायचे. सैनिकांची जहाजं साधारण थंडीच्या महिन्यांतच सुटायची, म्हणजे ज्याची वेळ चुकली तो उन्हाळा पावसाळा इथेच अडकला, काम काही नाही, उकाडा, ताप, दारू. डोकं फिरायचंच. पूर्ण शब्दप्रयोग डूलॅली टॅप असा होता आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात याची नोंद आहे. आज तिथे तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, लोक हवापालटाला येतात, आणि लंडनमध्ये कोणी डूलॅली म्हणालं तर त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं की तो नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतोय. माझ्या वर्गातली निम्मी मुलं देवळालीहून रिक्षाने येतात, त्यांना हे सांगताना त्यांचे चेहरे बघायचे असतात.

साइटच्या मर्यादा पण सांगते, कारण पहिल्यांदा उघडणाऱ्याला गोंधळायला होतं. नोंदी तोटक्या आणि ठासून भरलेल्या असतात, प्रोटो इंडो युरोपियन, जुनी नॉर्स, मध्य डच अशी नावं एकामागून एक येतात, बारावीच्या मुलाला एकट्याने सोडलं तर तो पहिल्या ओळीत बंद करेल. शेजारी बसून दोन चार शब्द वाचून दाखवावे लागतात. आजचा अर्थ, वाक्यात उपयोग, उच्चार यासाठी ही जागा नाही, त्यासाठी मेरियम वेबस्टर उघडा, तीही फुकट आहे आणि ऑडिओ चांगला आहे. इन्स्टावरची ताजी स्लँग इथे शोधू नका. आणि सगळ्याच शब्दांचं मूळ लागतं असं नाही, पण ते तिथे लपवत नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निन्कमपूप घ्या, म्हणजे बावळट, डॉ. जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशात तो लॅटिन नॉन कॉम्पोस, म्हणजे मन ताब्यात नसलेला, वरून आला असं लिहिलं, ऐकायला छान वाटतं, पण सगळ्यात जुन्या रूपांमध्ये तो मधला न च नाही, म्हणून नंतरच्या अभ्यासकांना ते पटत नाही, आणि साइटवर ही शंका तशीच्या तशी नोंदवलेली आहे. व्हॉट्सॲपवर शब्दांच्या ज्या गोड गोष्टी फिरतात त्यांच्यासमोर ही सवय सोन्याची आहे. मुलांना मी मुद्दाम 'बहुधा' आणि 'मूळ अज्ञात' लिहिलेल्या नोंदी पण वाचायला लावते.

मराठीत अशी साइट हवी ही माझी जुनी हाव आहे. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ती कोश १९४६ पासून आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर ऑनलाइन शोधता येतो, पण चक्रम, येडछाप, उडाणटप्पू, बावळट, अवली असे शब्द टाकले की तारखेसकट आणि शंकेसकट सगळा प्रवास एका पानावर, तोही मोबाईलवर, असं अजून कुठे मला मिळालेलं नाही. कोणी करत असेल तर मी शब्द गोळा करून द्यायला तयार आहे, फुकट.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो नवख्याला वाट न दाखवण्याबद्दल. शिक्षक, भाषांतर करणारे, कंटेंट लिहिणारे, मुलांच्या वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेणारे पालक, सगळ्यांनी वापरावी. सुरुवात सिलीपासून करा, ती नोंद सगळ्यात सोपी आहे, मग झेनी, मग रेकलेस, आणि मोरॉन शेवटी, वेळ काढून.